4.10 टाकूनही गाडी पळेना? मागच्या एक्सलचा रेशो निवडताना या चुका टाळा

मागचे क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी, बदलायचं ठरलं की बहुतेक जण मिळेल तो सर्वांत मोठा आकडा मागतात. हा आकडा म्हणजे रेशो: चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो ते. 3.55 काढा, 4.10 बसवा. चाकांवरचा जोर साडेपंधरा टक्क्यांनी वाढतो हे खरं, पण म्हणून 100 चा वेग लवकर गाठला जाईलच असं नाही.

हिशेब मांडून बघा. समजा इंजिन 6800 आरपीएमपर्यंत फिरतं, दुसरा गिअर 2.05 चा आहे आणि टायर 205/55 आर 16 आहेत. 3.55 वर दुसऱ्या गिअरमध्ये ही गाडी 108 पर्यंत जाते, 3.73 वर 103 पर्यंत. 4.10 वर मात्र 93-94 लाच इंजिन लाल रेषेवर, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेवर, येतं आणि 100 च्या तोंडावर तिसरा टाकावा लागतो. त्या एका बदलात सेकंदाचे तीन-चार दशांश जातात आणि वाढलेल्या जोराची बरीचशी कमाई तिथेच संपते. या गाडीला आम्ही 3.73 च सुचवू. तुमच्या गाडीसाठी सूत्र असं: आरपीएम × टायरचा घेर मीटरमध्ये × 0.06, भागिले (गिअर रेशो × एक्सल रेशो). उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं.

यातला घेर टायरवरच्या आकड्यांवरून काढू नका. वरच्या टायरचा घेर कागदावर 1.98 मीटर येतो, पण वजनाखाली टायर दबतो आणि प्रत्यक्षात तो 1.93 च्या आसपास भरतो. टायरवर आणि फरशीवर खडूची खूण करा, ड्रायव्हरला आत बसवा, गाडी सरळ ढकलत चाकाचे तीन फेरे होऊ द्या, टेपने अंतर मोजून तीनने भागा.

आता गाडीत कोणता रेशो आहे हेही अंदाजाने ठरवू नका, जुन्या गाड्यांचे एक्सल अनेकदा बदललेले असतात. पुढच्या चाकांना ओट लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, मागचं एकच चाक उचलून एक्सल घोडीवर टेकवा. साधा डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची रचना, थोडक्यात डिफ) असेल तर ते चाक 20 वेळा फिरवा, प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे) फेरे मोजा आणि 10 ने भागा. 37 च्या थोडं वर भरले तर रेशो 3.73, म्हणजे क्राउनला 41 दाते आणि पिनियनला 11. मर्यादित स्लिपचा डिफ (एकच चाक मोकळं फिरू न देणारा) असेल तर दोन्ही चाकं उचला, 10 फेरे एकत्र फिरवा आणि 10 नेच भागा.

स्विफ्ट, पोलोसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना मागे बदलायला काहीच नसतं, त्यांचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे हीच शेवटची गिअर जोडी, गिअरबॉक्समध्येच असतो. जिप्सीसारख्या फोर बाय फोरला पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा, नाहीतर फोर व्हीलमध्ये टाकताच ड्राइव्हलाइन पिळली जाते.

पहिल्या गिअरमध्ये चाकं आत्ताच जागेवर फिरत असतील तर आधी टायर बघा. बेळगावच्या पावसात रस्त्यावर लाल माती आली की जादा जोर नुसता रबर झिजवतो. आणि धारवाडची ये-जा रोजची असेल तर हेही मोजा: टॉप गिअर 0.80 असेल तर 100 च्या वेगाला 3.55 वर सुमारे 2450 आरपीएम लागतात, 4.10 वर 2830. आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाढतं. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर खऱ्या 100 ला तो 115 दाखवील, त्याचा छोटा गिअरही बदलावा लागतो.

सर्वांत महागात पडते ती बसवण्यातली घाई. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गिअर कापून मिळतात म्हणून नुसतं पिनियन करून घेऊ नका. क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते, दोन्हीवर जुळणीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. तो जुळत नसेल तर ती जोडी घेऊच नका. काही एक्सलमध्ये रेशो बदलला की कॅरिअरही (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) बदलतो: डाना 44 या एक्सलमध्ये 3.73 पर्यंत एक, 3.92 पासून पुढे दुसरा.

बेअरिंग, सील, क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगमधली, नट आवळताना दबणारी नळी) आणि क्राउनचे बोल्ट नवे घ्या. पिनियन नट आवळताना प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा दाब, जास्त झाला तर नट सैल करून भागत नाही, दबलेली स्लीव्ह परत फुगत नाही. ती काढून नवीच घालावी लागते. बॅकलॅश, म्हणजे दोन्ही गिअरच्या दात्यांमधली मोकळीक, डायल गेजने क्राउनच्या चार ठिकाणी मोजा. बऱ्याच एक्सलमध्ये तो 0.15 ते 0.20 मिलिमीटर असतो, तरी शेवटचा शब्द तुमच्या मॅन्युअलचा. मग दात्यांना मार्किंग पेस्ट लावून फिरवा. ठसा दात्याच्या मुळाशी उमटला तर पिनियन फार आत गेलंय, टोकाशी उमटला तर फार बाहेर राहिलंय. शिम (पिनियनची खोली ठरवणारी पातळ चकती) बदला आणि पुन्हा बघा. तीन-चार वेळा उघडझाप होणं यात नेहमीचंच आहे, कंटाळून तसंच बंद करू नका.

गिअर तेल जीएल-5 दर्जाचंच हवं. जीएल-4 मध्ये हायपॉइड दाते (क्राउन-पिनियनचे तिरके, एकमेकांवर सरकणारे दाते) घासून जळतात. पहिल्या फेरीला चोर्ला किंवा वंटमुरीचा घाट नको. हायवेने हिरेबागेवाडीपर्यंत शांतपणे जा, तिथे डिफ पूर्ण गार होऊ द्या, मग परत या. 800 किलोमीटर जोर लावू नका आणि तेवढे झाले की तेल बदला. त्यात बारीक चमकी दिसेल, ती चालते. नखाने उचलता येईल असा तुकडा दिसला तर डिफ उघडा.

नंतर ॲक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना शिट्टीसारखा सूर आला तर पिनियनची खोली चुकलीय. सतत घरघर असेल तर बेअरिंग. गिअर टाकताना ठक्क होत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट (वाकणारा सांधा) हलवून बघा, मगच बॅकलॅश. आणि मर्यादित स्लिपचा डिफ फक्त वळणावर कटकट करत असेल तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (अशा डिफसाठी तेलात मिसळायचं द्रव्य) घालायचा राहिलाय.