डेव्हिड टेनंट नीट बघायचा असेल तर सुरुवात कुठून करायची

डेव्हिड टेनंट या स्कॉटिश नटाचं नाव काढलं की लोक लगेच सांगतात डॉक्टर हू (बीबीसीची टाइम ट्रॅव्हलची मालिका, त्यात ‘डॉक्टर’ नावाचं मुख्य पात्र त्याने केलंय) लाव आणि क्रमाने बघ. माझं मत वेगळं आहे. डॉक्टर हू मस्तच आहे, माझं लाडकं आहे, पण तिथून सुरुवात केली की टेनंट म्हणजे अंगासरशी सूट, कॅनव्हासचे बूट आणि धडाधड बोलणं एवढंच डोक्यात बसतं आणि पुढे प्रत्येक कामात आपण तेच शोधत बसतो. त्यापेक्षा त्याचा आवाज धरून चला, म्हणजे कुठल्या कामात तो स्वतःच्या स्कॉटिश बोलीत बोलतोय आणि कुठे दुसऱ्याची बोली उचलतोय, एवढं लक्षात ठेवलं तरी हा माणूस किती वेगवेगळं करू शकतो ते आपोआप दिसायला लागतं.

थोडी माहिती आधी. जन्म 1971 चा, स्कॉटलंडमधलं बाथगेट, वाढला पेझ्लीजवळ, वडील चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मिनिस्टर, म्हणजे धर्मगुरू. खरं आडनाव मॅकडॉनल्ड, पण नटांच्या युनियनमध्ये त्याच नावाचा एक जण आधीच होता म्हणून पेट शॉप बॉईज या पॉप बँडच्या नील टेनंटवरून हे आडनाव घेतलं. ग्लासगोला नाटकाचं शिक्षण, मग स्टेज, आणि 1996 ला रॉयल शेक्सपिअर कंपनी. टीव्हीवरचा स्टार नंतर हौस म्हणून नाटकाकडे वळला असं बऱ्याच जणांना वाटतं, ते उलटं आहे, तो मुळात स्टेजचाच माणूस.

तर पहिलं लावा ब्रॉडचर्च, 2013 चा पहिला सीझन, आठ एपिसोड. समुद्रकाठच्या छोट्या गावात एका मुलाचा खून होतो आणि तपास करायला बाहेरून आलेला अ‍ॅलेक हार्डी म्हणजे टेनंट. गावातलीच पोलीस अधिकारी एली मिलर (ऑलिव्हिया कोलमन) सुट्टीवरून परत येते तर जी पोस्ट तिला मिळणार होती तिथे हा बसलेला. इथे तो स्कॉटिशच बोलतो, आणि माझं ऐका, हेडफोन लावून बघा. तो तिला सहसा नावाने हाक मारत नाही, ‘मिलर’ म्हणतो. सीझनभर तो हा एकच शब्द कितीतरी वेळा म्हणतो, कधी वैतागून, कधी दमून, शेवटाकडे तर अगदी हळू, आणि दर वेळी शब्दाच्या शेपटाकडे तो काय करतो ते ऐका. दोन माणसांचं अख्खं नातं त्या एका हाकेत कसं बदलत जातं ते कळेल. नंतर वेळ असेल तर याचाच अमेरिकन रीमेक ग्रेसपॉइंट, 2014 चा, त्यातही तपास अधिकारी हाच पण बोली अमेरिकन. एक एपिसोड पुरे. बोली बदलली की खांदे, चाल, राग सगळंच कसं बदलतं ते बघण्यासाठी फक्त.

मग डॉक्टर हू, पण निवडून. टूथ अँड क्लॉ (2006) हा एपिसोड घ्या, गोष्ट 1879 च्या स्कॉटलंडमध्ये घडते, समोर राणी व्हिक्टोरिया, आणि एरवी लंडनच्या बाजूचं इंग्लिश बोलणारा डॉक्टर वेळ मारून न्यायला स्कॉटिश असल्याची बतावणी करतो. म्हणजे स्कॉटिश नट, पात्र इंग्लिश बोलणारं, आणि ते पात्र स्कॉटिश बोलायचं सोंग आणतंय! त्यानंतर मिडनाइट (2008). एका बंद गाडीत अडकलेले प्रवासी, त्यातल्या एका बाईच्या अंगात काहीतरी शिरतं आणि ती आधी इतरांचे शब्द मागून बोलते, मग बरोबरीने, आणि शेवटी डॉक्टरच्या आधी. बडबड हेच ज्याचं हत्यार त्याचा आवाजच काढून घेतला, आता टेनंटकडे उरले फक्त डोळे आणि तिचे शब्द परत म्हणणारे ओठ. हा एपिसोड रात्री आणि एका दमात बघा, मध्ये पॉज नको.

आता हॅम्लेट. रॉयल शेक्सपिअर कंपनीने स्ट्रॅटफर्डला, म्हणजे शेक्सपिअरच्या गावी, 2008 ला केलेलं नाटक, 2009 ला बीबीसीसाठी शूट केलं, जवळजवळ तीन तास. शेक्सपिअरची भाषा जड जाते म्हणून सोडू नका, आधी गोष्ट वाचून घ्या आणि सबटायटल्स लावा. भिंतीवर सगळीकडे सीसीटीव्ही आहेत, आणि एका क्षणी हॅम्लेट वर चढून तो कॅमेरा उपटून काढतो आणि मगच म्हणतो की आता मी एकटा आहे. चारशे वर्षांपूर्वीची ओळ एकदम आजची होऊन जाते. तो सीन मी आवाज बंद करूनही बघितलाय, तुम्हीही बघा, नुसत्या शरीरावर उभा राहतो. आणि स्ट्रॅटफर्डच्या स्टेजवर कबरस्तानच्या सीनमध्ये त्याच्या हातात जी कवटी होती ती खरी होती, आंद्रे चायकोव्स्की नावाच्या पियानिस्टने मृत्युपत्रात कंपनीला देऊन ठेवलेली स्वतःची कवटी.

डेस (2020) मात्र हॅम्लेटला लागून बघू नका, एक दिवस जाऊ द्या. तीनच एपिसोड, डेनिस निल्सन नावाच्या खऱ्या सीरियल किलरची गोष्ट, तोही स्कॉटिश. इथे टेनंट जवळजवळ हलतच नाही, पोलिसांसमोर बसून ऑफिसच्या फायलीबद्दल बोलावं तसं खुनांबद्दल बोलतो, आणि ब्रॉडचर्चमध्ये जी बोली ऐकून आपल्याला माणूस जवळचा वाटला होता तशीच बोली इथे ऐकून अंगावर काटा येतो. याच कामासाठी त्याला इंटरनॅशनल एमी मिळालं. मी ठामपणे सांगते, त्याचं स्क्रीनवरचं सगळ्यात भारी काम हेच.

कॅथरीन टेटबरोबरचं शेक्सपिअरचं नाटक मच अडू अबाउट नथिंग (2011) विनोदासाठी, आणि 2017 च्या डकटेल्स या कार्टूनमध्ये स्क्रूज मॅकडकचा आवाजही त्याचाच.

शेवटी मॅकबेथ. लंडनच्या डॉनमार वेअरहाऊस या नाट्यगृहात 2023 ला सुरू झालं आणि नंतर सिनेमागृहांत दाखवायला चित्रित केलं. प्रत्यक्ष नाटकात प्रत्येक प्रेक्षकाला हेडफोन दिले होते, त्यामुळे ओरडून बोलायची गरजच नाही, तो पुटपुटतो आणि ते थेट तुमच्या कानात येतं, चेटकिणी तर दिसतच नाहीत, नुसते आवाज, कधी डावीकडून कधी मागून. आणि हा मॅकबेथ स्कॉटिश बोलीतच बोलतो. कधी बघायला मिळालं तर चांगले हेडफोन लावा, दोन्ही कानांचे, आणि दिवे बंद करा.