गावच्या रेडिओवर पाणी, रेशन, दारू असल्या विषयांवर चर्चा घ्यायचीय? मग हे वाचा

कम्युनिटी रेडिओवर गावातल्या प्रश्नावर चर्चा करू म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणतं, अहो पण राजकारण चालत नाही ना तिथं? बरोबर आहे, 2006 च्या केंद्राच्या धोरणातच आहे की बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचं काही लावायचं नाही. 1995 साली सुप्रीम कोर्टाने (न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते त्या खंडपीठात) रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सांगितलं, तरी ही अट आहेच. मला विचाराल तर चुकीची अट आहे, पण परवानगी घालवून बसण्यात काय अर्थ.

मग करायचं काय, तर पक्ष आणि पुढारी बाहेर ठेवायचे आणि नळावर बोलायचं. टँकर किती वाजता येतो, वस्तीवर घरटी किती हंडे मिळतात, टाकी बांधून झाली तरी पाणी का सोडत नाहीत, हे सगळं बोलता येतं आणि ऐकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी घ्या, दुष्काळी पट्ट्यातलं स्टेशन, तिथं पाण्याला बगल देऊन बोलायचं तरी कशावर!

विषय बारीक घ्या. 'पाणीटंचाई' हा विषयच नाही, 'खालच्या वाडीच्या नळाला पाणी का येत नाही' हा विषय आहे. आणि कागद आधी मिळवा, माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो पण उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणजे महिनाभर आधी हलायला लागतं. एपिसोड ग्रामसभेच्या आठवडाभर आधी लागेल असं बघा. वर्षात निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा बहुतेकांना पाठ असतात, त्याआधी चर्चा ऐकलेली असली की लोक तिथं नेमका प्रश्न घेऊन उठतात.

पाहुणे तीन पुरे. ज्याला त्रास होतोय तो, ज्याच्या हातात काम आहे तो (ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक भाऊसाहेब, पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर, जे असतील ते) आणि नियम माहीत असलेलं कुणीतरी. सरपंच बाई असतील तर त्यांनाच बोलवा, त्यांचे मिस्टर 'मी सांगतो ना' म्हणत सोबत येतातच, त्यांना बाहेर चहा द्या. साहेब आले नाहीत तर प्रश्न लेखी पाठवा, चार दिवस थांबा आणि तरीही काही आलं नाही तर 'विचारलं होतं, उत्तर आलं नाही' एवढंच सरळ वाचा, टोमणा मारायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या प्रक्षेपणाची ताकद फार तर 100 वॅट, ऐकू जातं पाच-दहा किलोमीटर, म्हणजे ऐकणारा प्रत्येकजण बोलणाऱ्याला ओळखतो. नाव लपवून काही होत नाही, आवाजावरून, बोलण्याच्या ढबीवरून कळतं की ही अमक्याची सून. दारूच्या धंद्यावर किंवा रेशन दुकानदारावर कुणी बाई बोलली तर तिला संध्याकाळी त्याच गल्लीतून जायचंय. म्हणून तिचं म्हणणं दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात वाचून घ्या, वस्तीचं नाव, मुलं किती वगैरे काढून टाका आणि रेकॉर्डिंग झाल्यावर दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारा, 'काकू, लावू का?' रात्री घरात बोलणं झाल्यावर कितीतरी जणी नको म्हणतात, मग नाही लावायचं, रेकॉर्ड केलेलं बोलणं कितीही भारी असलं तरी. आणि लाइव्ह फोन घेण्याचा मोह टाळा, रागाच्या भरात कुणी नाव घेऊन शिवी दिली की ती परत घेता येत नाही. मिस्ड कॉल घ्या, उलटा फोन करा, रेकॉर्ड करा, मग लावा.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात सांगतो, माइक आपल्याच हातात ठेवा नाहीतर भाषण सुरू होतं, मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, पत्र्याच्या खोलीत आवाज घुमत असेल तर भिंतीला गोधड्या लटकवा. बायकांचं रेकॉर्डिंग दुपारी, कामं उरकल्यावर. भाषा जी असेल ती राहू द्या, 'शुद्ध बोला हं' म्हटलं की माणूस गप्पच होतो.

चर्चा चालवताना 'तुम्हाला काय वाटतं' कमी विचारा, 'कधी, किती, कुणी सही केली' जास्त विचारा. भाऊसाहेब म्हणाले 'लवकरच होईल', तर लवकर म्हणजे कुठली तारीख ते तिथंच बोलून घ्या. ती तारीख स्टुडिओतल्या वहीत लिहा आणि त्या आठवड्यात पाच मिनिटांचा फॉलोअप ठेवा, काम झालं असेल तर तेही सांगा, साहेब पुढच्या वेळी न बोलवता येतील. रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवायचा नियम आहेच, पण तारीख दिलेली फाइल काम होईपर्यंत डिलीट करू नका.