नाशिकचा वळीव कसा ओळखावा आणि नाला चढण्याआधी कसं सावध व्हावं

एप्रिल-मेमध्ये नाशिकला पुराची आठवण कुणालाच नसते. गंगापूर धरण खाली गेलेलं असतं आणि गावात चर्चा पाणीकपातीची. शिवाय पूर मोजायचा तो गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर, पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून. पण ते माप पावसाळ्याचं, धरणातून विसर्ग सोडल्यावर कामाला येणारं. वळवाचं पाणी धरणातून येतच नाही. पाऊण तासाची एक सर नासर्डी, वाघाडी आणि जुन्या गावातला सरस्वती नाला फुगवायला पुरते. दहीपूल आणि सराफ बाजारातल्या दुकानदारांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा उन्हाळ्यात नजर ढगावर आणि नाल्यावर ठेवायची.

सकाळी: ओलावा तपासा

पारा चाळिशीला टेकला की संध्याकाळी पाऊस, ही समजूत अर्धीच खरी. कोरड्या उन्हात नुसती धूळ उडते. मोबाइलवरच्या हवामान ॲपमध्ये तापमानाऐवजी दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव धरतं तो आकडा; तो जितका वर, तितका हवेत ओलावा जास्त. तो 10-12 अंशांवर असेल तर निर्धास्त राहा; सकाळपासून 18-20 च्या पुढे असेल, घाम वाळत नसेल, तर दुपारची कामं आवरती घ्या.

मग हवामान खात्याचा जिल्हानिहाय अंदाज वाचा. त्यात ‘द्रोणीय रेषा’ हा शब्द दिसला की कान टवकारायचे. हा कमी दाबाचा लांबट पट्टा; दमट आणि कोरडे वारे त्यात एकत्र येतात आणि हवा वर ढकलली जाते. काही ॲप ‘केप’ नावाचा आकडा देतात. वर चढणाऱ्या हवेला किती ऊर्जा मिळू शकते, ते त्यातून कळतं. 1000 च्या पुढे लक्ष द्यावं, 2500 च्या पुढे जास्तच. तरीही हा आकडा मोठा असून संध्याकाळ कोरडी जाते, असं पुष्कळदा होतं. एकट्या केपवर विसंबून लग्नाचा मांडव हलवू नका.

दुपारी: ढगाचा माथा बघा

दोननंतर त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांकडे आणि सिन्नरच्या बाजूला नजर टाका. ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगत असतील, कडा रेखीव असतील, तर ते अजून वाढताहेत. माथा सपाट होऊन एका अंगाला पसरू लागला, की वादळ तयार झालं समजा.

आता रडार. खात्याच्या संकेतस्थळावर मुंबईच्या रडारची चित्रं मिळतात. एक चित्र बघून काही कळत नाही, लागोपाठची दोन बघा. समजा, लाल ठिपका, म्हणजे जोरदार पावसाचा ढग, पंधरा मिनिटांत पाच किलोमीटर सरकला, म्हणजे वेग ताशी वीस. तो त्र्यंबकेश्वरवरून नाशिककडे येत असेल तर साधारण दीड तास हातात आहे. अर्थात ढगातून खाली कोसळणारी गार हवा पुढे पळते आणि वाटेत नवा ढग उभा करते, त्यामुळे हा हिशोब लवकरच्या बाजूनेच धरावा. शिवाय मुंबई लांब असल्यामुळे रडारचा झोत इथे येईपर्यंत जमिनीपासून दोन किलोमीटरहून वर गेलेला असतो. खालचं त्याला दिसत नाही.

माझ्या मते धावणाऱ्या ठिपक्यापेक्षा जागेवर बसलेला ठिपका वाईट. धावणारा झोडपून निघून जातो, बसलेला एकाच नाल्यात सगळं ओततो.

विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप ठेवा. ते 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात पडणाऱ्या विजा दाखवतं. ॲप नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर शेत, गच्ची, झाडाखालची टपरी सोडून पक्क्या घरात जा. उघड्यावरच्या कांद्यावर ताडपत्री टाकायची ती त्याच्या आधी. खरड छाटणीनंतर फुटलेल्या द्राक्षाच्या कोंबांना मात्र गारांपासून वाचवायला जाळीच लागते, आयत्या वेळी काही होत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर: वेग मोजा

किती पडला यापेक्षा किती वेळात पडला ते महत्त्वाचं. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा गच्चीवर मोकळ्या जागी आधीच ठेवा. आत पट्टी धरून पाणी मिलिमीटरमध्ये मोजायचं. पण जवळपास विजा असतील तर गच्चीवर जायचं नाही. पंधरा मिनिटांत 20 मिलिमीटर म्हणजे ताशी 80 चा वेग. एका चौरस किलोमीटरवर ते दोन कोटी लिटर पाणी होतं, आणि काँक्रीटच्या वस्तीत त्यातलं बहुतेक थेट गटारीत जातं.

तुमच्याकडे थेंब नसला तरी गाफील राहू नका. नासर्डी पश्चिमेकडून येते. सातपूरच्या बाजूला झोडपलं की ते पाणी काही वेळाने खाली पोचतं. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-प्लॅस्टिक वाहून येऊ लागलं, की गाडी काठावरून काढा. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर थांबा. वाहतं पाणी वीतभर असलं तरी माणसाचा पाय सुटतो, फूटभर पाण्यात छोटी कार तरंगू लागते. कुणी अडकलं तर जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक 1077, नाहीतर 112.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. आणि दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र दिसलं तरी सकाळी दवबिंदू बघा. भिजलेली जमीन तापली की हवेत पुन्हा ओलावा भरते, आणि द्रोणीय रेषा अजून अंदाजात असेल तर दुपारी परत डोंगरांकडे बघावं लागेल.