सोलापूरच्या थंडीत बालवाडीचा वर्ग कसा सांभाळायचा

डिसेंबर लागला की नवीन टीचर हमखास विचारतात, मॅडम हिवाळ्याच्या थीमला काय घेऊ, आणि लगेच मोबाईलवर कापसाचा स्नोमॅन दाखवतात. आपल्या पोरांनी बर्फ बघितलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर, तो पण उन्हाळ्यात. मग त्यांना बर्फ म्हणजेच थंडी असं कशाला शिकवायचं? आपल्याकडं थंडी म्हणजे पहाटे पारा १५ च्या आसपास, कधी त्याच्याही खाली, आणि दुपारी तोच ३० ला टेकलेला. सकाळी कानटोपी घालून आलेलं पोरगं साडेअकराला घामानं चिंब होऊन बसतं. बालवाडीचा हिवाळा शिकवायचा तर हाच शिकवा, मी तरी १४ वर्षं तेच करतेय.

पहिलं काम म्हणजे वेळापत्रक उन्हाप्रमाणं फिरवणं. आपल्या बऱ्याच शाळांत खाली शहाबादी फरशी, सकाळी ती इतकी गार असते की मोठ्या माणसाला बसवत नाही आणि आपण तीन वर्षांच्या पोराला त्यावर मांडी घालायला लावतो. सतरंजीवर एक जुनी सोलापुरी चादर दुहेरी घालून टाका, कुठल्या घरात जुनी चादर नाही सांगा, पालकांना एक निरोप दिला की चार येतात. आणि पहिला तास वर्गात घ्यायचाच नाही. प्रार्थना, हजेरी, गाणी सगळं अंगणात कोवळ्या उन्हात, पाठ उन्हाकडं करून, म्हणजे डोळ्यावर ऊन येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं तेव्हा पोरं शाळेत येत नव्हती म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्दच तिथला, तर आपल्याला आपल्याच शाळेच्या अंगणात बसायला काय हरकत आहे. लिहायचं, रंगवायचं काम दहानंतर ठेवा, गारठलेल्या बोटांत खडू नीट धरला जात नाही आणि आपण म्हणतो पोराचं अक्षर बिघडलं.

आता स्वेटर. ३० पोरं, ३० स्वेटर आणि मावशी एक, त्यामुळं हे पोरांनाच शिकवायला लागतं. पुढून उघडा, चेनचा नाहीतर बटणाचा स्वेटर जमिनीवर पसरायचा, आतली बाजू वर, कॉलर पोराच्या पायाकडं. पोरानं वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि स्वेटर डोक्यावरून मागं टाकायचा, आपोआप बसतो. पहिल्या दिवशी निम्म्यांचा उलटा बसतो, चौथ्या दिवशी सगळे न सांगता घालतात आणि घालून झाल्यावर जो चेहरा असतो ना तो बघायलाच पाहिजे. चेन खालून तुम्ही अडकवून द्या, वर ओढायचं काम त्यांचं. कानटोपी, मोजे हरवू नयेत म्हणून काढले की स्वेटरच्या बाहीत कोंबायची सवय लावा. नाव लिहून उपयोग नाही कारण त्यांना वाचता येत नाही, कॉलरच्या आत वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं दोन टाके घाला, पोरगं आपला रंग बरोबर ओळखतं. साडेदहाला घंटी, स्वेटर काढायची. हे विसरायचं नाही, घाम येऊन परत वारं लागलं की अंगातल्या ओल्या कपड्यात पोरं गारठतात.

शेंबूड. यावर कुणी लिहीत नाही पण थंडीत बालवाडीच्या बाईचा निम्मा दिवस यातच जातो. बऱ्याच पोरांना नाक शिंकरताच येत नाही, ती आत ओढतात. त्यासाठी एक खेळ आहे, ताटलीत कापसाचा छोटासा पुंजका ठेवायचा, तोंड बंद आणि नाकानं फुंकून तो पुंजका पलीकडं पाठवायचा. जमलं की मग एक नाकपुडी दाबून दुसरीनं. दोन दिवसात वर्गाला नाक शिंकरता येतं. जुन्या मऊ सुती साडीचे हाताएवढे तुकडे कापून डब्यात ठेवा, वापरलेला तुकडा झाकणाच्या बादलीत आणि लगेच हात धुणं. हात धुवायला पाणी कोमट पाहिजे, गार पाण्याला पोरं नुसती बोटं ओली करून पळतात, मावशीनं कोमट केलेलं पाणी आधी आपल्या मनगटावर बघायचं आणि मगच पोरांना द्यायचं. ताप असलेलं पोरगं घरीच राहू दे असं पालकांना स्पष्ट सांगा, आणि दप्तरातनं आलेलं कफ सिरप शाळेत कुणीही पाजायचं नाही.

खिडक्या सगळ्या बंद करू नका, बंद खोलीत एकाचा खोकला सगळ्यांना जातो. समोरासमोरच्या दोन अर्ध्या उघड्या ठेवा. आणि वर्ग गरम करायला कोळशाची शेगडी आत आणायचा विचार मनात पण आणू नका, बंद खोलीत त्याच्या न दिसणाऱ्या विषारी वायूनं जीव जातो.

पाणी. थंडीत पोरं पाणी मागत नाहीत म्हणून आपण देत नाही, मग पोट साफ होत नाही आणि पोरगं दिवसभर किरकिरतं. दर तासाला दोन घोट, सगळ्यांनी एकदम, बाईंनी पण. लघवीला जास्त लागते हे पण धरून चाला, एक्स्ट्रा चड्डी प्रत्येकाची पाहिजेच आणि कुणाची ओली झाली तर चार पोरांसमोर बोलायचं नाही.

भाषेचं एक सांगते कारण ते आपल्याकडं हमखास होतं. वर्गात मराठी घरातली पोरं, शहराच्या पूर्व भागातली तेलुगु बोलणारी, कन्नड बोलणारी, हिंदी उर्दू बोलणारी, सगळी एकत्र. एकदा एक पोरगा सारखा म्हणत होता टीचर सर्दी हो री, मी आपली त्याचं नाक बघतेय, नाक कोरडं, आणि तो बिचारा कुडकुडत होता. त्याच्या घरी सर्दी म्हणजे थंडी. त्या दिवसापासनं मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विचारतेच, तुमच्या घरी थंडीला काय म्हणतात. तेलुगुत चलि, कन्नडमध्ये चळि, दोन घरची पोरं एकमेकांकडं बघून हसायला लागतात की अरे आपला शब्द तर जवळजवळ सेमच आहे. एरवी अजिबात न बोलणारी एक मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, चलि. मग आम्ही सगळे सकाळी हात चोळत थंडी, चलि, चळि, सर्दी असं तालात म्हणतो.

ॲक्टिव्हिटीचं म्हणाल तर माझी सगळ्यात आवडती खोबरेल तेलाची. एक पैसा लागत नाही. खोबरेल साधारण २४ अंशाच्या खाली गेलं की थिजतं, म्हणजे आपल्याकडं सकाळी बाटली पांढरी घट्ट असते आणि दुपारी पाण्यासारखी. पारदर्शक बाटली घ्या, सकाळी सगळ्यांच्या हातात फिरवा, उलटी करायला द्या, पडत नाही. कशानं झालं विचारा आणि उत्तर सांगू नका. मग एक बाटली उन्हात, एक वर्गात कपाटाखाली, आणि दर थोड्या वेळानं एकानं जाऊन बघून यायचं. उन्हातली कडेनं आधी सुटायला लागते, मधे पांढरा गोळा राहतो, तो गोळा बारीक होत जाताना पोरं श्वास रोखून बघतात, खोटं नाही सांगत. एका पोरीनं मला सांगितलं टीचर तेलाला पण स्वेटर घातला की ते विरघळतं. मी लगेच दुसऱ्या दिवशी बाटलीला स्वेटर घालून सावलीत ठेवली, नाही विरघळली. आता का नाही विरघळली यावर आठवडाभर चर्चा, चार वर्षांच्या पोरांची! स्वेटर गरम करत नाही, आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवतो हे तिथनं हळूहळू येतं. शेवटी तेच तेल सगळ्यांच्या ओठाला, गालाला, कोपराला. थंडीत चामडी किती फुटते आपल्याकडं, आणि एकमेकांना तेल लावताना पोरं किती शांत होतात.

सावलीचं पण करा. सकाळी नऊला पोराला उभं करून खडूनं सावली काढायची, परत बाराला त्याच जागी. डिसेंबरात भर बारालासुद्धा सावली जवळजवळ पोराएवढी असते आणि मे महिन्यात दुपारी ती पायाखाली जाते, म्हणून हे खडूचं माप दोरीनं घेऊन नाव लावून जपून ठेवा, शाळा सुटायच्या आधी एप्रिलला परत मोजता येतं.

विणकाम तर आपल्या गावाचंच. यंत्रमागाच्या कारखान्यातनं टॉवेल चादरीच्या कडेच्या चिंध्या मागितल्या की पिशवीभर मिळतात. पुठ्ठ्याला वर खाली खाचा पाडून जाड दोरा ताणायचा आणि चिंधी एक वरून एक खालून. बोटांना व्यायाम होतो ते तर आहेच, पण ज्याचे आजोबा मागावर काम करतात त्याला त्या दिवशी वर्गात काय मान मिळतो. आजोबांना बोलवा, त्यांना दहा मिनिटं दाखवू द्या.

खायचं मात्र जपून. पावटा, वाटाणा, ओला हरभरा सोलायला द्या, छान रमतात, पण समोर तुम्ही बसून राहा कारण दाणा नाकात जातो. गेला तर काडीनं, चिमट्यानं काढायला जाऊ नका, बोटानं ढकलू पण नका, सरळ डॉक्टरकडं. अख्खे शेंगदाणे आणि बिया असलेली बोरं लहान गटाला द्यायची नाहीत, घशात अडकतात. शेंगदाण्याचा कूट द्या, कडक भाकरी चुरून शेंगाचटणी जरा दह्यात कालवून द्या, तिखट कमी. हुरडा मिळाला तर एखाद्याच्या शेतात न्या पण आगटीपासनं पोरं लांब, भाजून चोळून आणलेला हुरडा ताटात, तोही मऊ, नीट चावून खाणाऱ्या मोठ्या गटालाच.

जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, आला की नवीन काही शिकवायला जाऊ नका, कुणाचं लक्ष नसतं. उलट गड्डाच वर्गात आणा. वर्तमानपत्राच्या सुरळ्या एकमेकात घालून उंच काठ्या करायच्या, सातच, कारण सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज सात असतात, पोरं मोजतात आणि सहा झाल्या की ओरडतात. काठी सरळ धरून दहा पावलं चालणं हा तोलाचा इतका चांगला खेळ आहे की त्यासाठी वेगळं साहित्य आणायला नको. मग दुकानं, बांगड्या, खेळणी, पाळण्याचं तिकीट, खोटी नाणी. यात सगळ्या घरची पोरं येतात कारण गड्ड्यावर सगळेच जातात. बोरन्हाण केलं तर बोरांच्या जागी चुरमुरे आणि कागदी फुलं, तिळाचा हलवा बारीक.

गॅदरिंग रात्री ठेवू नका ही माझी हात जोडून विनंती आहे. पूर्वी मी जिथं होते तिथं बालवाडीचा डान्स भाषणांमुळं लांबत लांबत रात्री साडेनऊला आला, पोरं पातळ ड्रेसमध्ये स्टेजमागं दोन तास बसलेली, दोघी रडून झोपून गेल्या आणि सोमवारी निम्मा वर्ग तापानं घरी. सकाळी दहाला मैदानात घ्या, आईबापांना जमत नसेल तर रविवारी घ्या.

रथसप्तमीच्या सुमारास ऊन तापायला लागतं आणि मग स्वेटर शाळेतच राहायला लागतात, कुणी न्यायला येत नाही. ते धुऊन, वाळवून, आतले रंगीत टाके तसेच ठेवून एका पिशवीत बांधून कपाटावर ठेवा. पुढच्या डिसेंबरात लहान गटात एखादं पोरगं नुसत्या शर्टवर येतंच, त्याला त्यातला एक घालायचा, कुणाला न सांगता.