मारफान सिंड्रोम: उंच पोराला तालमीत घालण्याआधी काय तपासावं

पोरगं ताडमाड वाढलं की बेळगाव-खानापूरकडे कुणीतरी सुचवतंच, तालमीत घाला. बहुतेक उंच मुलं नुसतीच उंच असतात. पण लांबसडक बोटं, लहानपणापासून जाड चष्मा, खोल किंवा पुढे आलेली छाती आणि वाकडा कणा हे सगळं एकाच अंगात दिसलं, तर दंड-बैठका थांबवून तपासणी करावी. या खुणांमागे मारफान हा उपजत आजार असू शकतो. साधारण ५,००० जणांत एकाला तो असतो. एफबीएन१ जनुकातल्या दोषामुळे ऊतींना बळकटी आणि लवचिकपणा देणारं फायब्रिलिन हे प्रथिन बिघडतं. सांधे सैल होतात, डोळ्यातलं भिंग सरकतं आणि हृदयातून निघणारी महाधमनी फुगत जाते. जिवावर बेतते ती महाधमनी.

पहिलं मोजमाप घरीच होतं. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात आडवे ताणून, मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत शिंप्याची टेप धरा. त्याला उंचीने भागा. १.०५ च्या वर गेलं तर नोंद करा: उंची १७० आणि पसारा १८० सेंमी असेल तर १.०६. मग अंगठा तळहातात दुमडून मूठ वळायला सांगा. अंगठ्याचं शेवटचं पेर करंगळीच्या बाजूने पूर्ण बाहेर आलं तर ती खूण. दुसऱ्या हाताने मनगटाला वेढा घातल्यावर अंगठा करंगळीचं अख्खं नख झाकतो का, तेही पाहा. यावरून निदान होत नाही, आणि खुणा नसल्या म्हणून आजार नाही असंही नाही.

मग घराण्याची तीन पिढ्यांची यादी करा. विशेषतः तरुणपणी अचानक छातीत कळ येऊन गेलेले कोण, हे आजीला विचारा. आई-वडिलांपैकी एकाला असला तरी प्रत्येक मुलात ५० टक्के शक्यता असते. सुमारे चौथाई रुग्णांत मात्र दोष नव्यानेच उपजतो. मामाच्या मुलीशी लग्न केल्यामुळे हा आजार होत नाही, तो दोष सुनेच्या माथी मारू नये.

आता टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. निपाणीकरांना कोल्हापूर, अथणीकरांना मिरज जवळ. कुठेही करा, पण दरवेळी शक्यतो एकाच ठिकाणी, कारण मोजण्याची पद्धत बदलली की दोन-तीन मिलिमीटरचा खोटा फरक दिसतो. ‘नॉर्मल’ एवढ्यावर परत येऊ नका. महाधमनीच्या मुळाचा आकडा मिलिमीटरमध्ये आणि मुलाच्या उंची-वजनावरून काढलेला झेड-स्कोअर (त्या अंगकाठीच्या सरासरीपासून मूळ किती दूर आहे तो आकडा) लिहून घ्या. नुसत्या ईसीजीत हे दिसत नाही. भिंगासाठी बाहुली मोठी करून स्लिट-लॅम्प तपासणी हवी. चष्म्याच्या दुकानातलं यंत्र तेवढं सांगत नाही. जनुकचाचणी आधी लक्षणं असलेल्याची करावी, मग भावंडांची.

निदान पक्कं झालं की सहा महिन्यांनी आणि मग साधारण दरवर्षी इको. महाधमनीवरचा ताण कमी करणारं बीटा-ब्लॉकर किंवा लोसार्टन हे औषध सुरू असेल तर ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नये. महाधमनीचं मूळ ५० मिलिमीटरच्या आसपास गेलं की शस्त्रक्रियेचा विचार होतो, काहींत त्याआधीही. कुस्ती, कबड्डी, जड वजन, पोती उचलणं बंद, चालणं चालेल. लघवीच्या जळजळीवर सहज मिळणारं सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक टाळावं, ते महाधमनीला घातक ठरू शकतं. मुलीला दिवस राहण्याआधीच इको आणि औषधांचा फेरविचार हवा. लोसार्टन गरोदरपणात चालत नाही.

छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखी कळ आली तर गॅसची गोळी देऊन वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, जुना इको हातात घ्या आणि दवाखान्याच्या दारातच सांगा: “मारफान आहे, महाधमनीचं सीटी आधी करा.” हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करणारं औषध दिलं गेलं, तर फाटलेल्या धमनीतून रक्तस्राव वाढतो.