‘मॅजिक’मध्ये स्पेल कधी टाकावा आणि टार्गेट कसे धरावे

मेंढीकोट आणि रमी खेळत मोठ्या झालेल्या माणसाला दोन गोष्टींची सवय असते: आपली पाळी आली की पान टाकायचे, आणि टाकलेले पान त्याच क्षणी लागू झाले असे धरायचे. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात या दोन्ही सवयी सोडाव्या लागतात. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९३ साली बाजारात आणला. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी रविवारी दुपारी माझा भाचा आणि त्याचे मित्र तो मांडून बसतात, तेव्हा वाद होतात ते बहुधा दोनच प्रश्नांवरून: हे पान आत्ता टाकता येते का, आणि ज्याच्यावर नेम धरला होता ते क्रीचरच (पटावरचे लढणारे पान) बदलले तर पुढे काय. दोन्ही प्रश्नांची उत्तरे नियमांत स्पष्ट आहेत. मात्र ती ठरलेल्या क्रमानेच समजून घ्यावी लागतात.

सर्वप्रथम पानाच्या मधोमध, चित्राखाली छापलेला प्रकार वाचावा. तिथे ‘इन्स्टंट’ असेल तर ते पान स्वतःच्या पाळीत टाकता येते आणि समोरच्याच्या पाळीतही. सॉर्सरी, क्रीचर, आर्टिफॅक्ट आणि एन्चांटमेंट ही पाने मात्र फक्त स्वतःच्या पाळीत, मेन फेजमध्ये (लढाईच्या आधीच्या किंवा नंतरच्या टप्प्यात) आणि स्टॅक (टाकलेल्या पण अजून लागू न झालेल्या पानांची चवड) रिकामा असतानाच टाकता येतात. अपवाद ‘फ्लॅश’ हा शब्द लिहिलेल्या पानांचा, ती इन्स्टंटसारखी चालतात. लँड (माना, म्हणजे पाने टाकण्यासाठी भरायची शक्ती, देणारे पान) हा स्पेल, म्हणजे टाकायचा मंत्र, नाहीच. ती थेट पटावर येते आणि तिला कोणी अडवू शकत नाही.

आता स्टॅक. टोपल्यात भाकऱ्यांची चवड रचावी तसे प्रत्येक टाकलेले स्पेल आधीच्या स्पेलच्या वर बसते, आणि चवड संपवायची ती वरून. म्हणजे सर्वांत शेवटी टाकलेले पान सर्वांत आधी लागू होते. ही पद्धत १९९९ साली सहाव्या आवृत्तीच्या नियमांबरोबर आली. स्टॅकवर काही ठेवण्याचा हक्क ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे प्रायॉरिटी आहे असे म्हणतात. स्पेल टाकल्यावर प्रायॉरिटी आधी टाकणाऱ्याकडेच राहते, त्याने ‘पास’ म्हटले की समोरच्याकडे जाते, आणि मध्ये काहीही न टाकता दोघांनी ओळीने पास केले तरच वरचे एक पान, केवळ एकच, लागू होते. त्यानंतर ज्याची पाळी चालू आहे त्याला पुन्हा प्रायॉरिटी मिळते, त्यामुळे चवड अर्धी उतरलेली असतानाही नवे पान वर ठेवता येते. पाळीच्या सुरुवातीच्या अनटॅप स्टेपमध्ये (टॅप केलेली, म्हणजे वापरून आडवी केलेली पाने पुन्हा उभी करतात तेव्हा) मात्र कोणालाच प्रायॉरिटी नसते, म्हणून तिथे काहीही टाकता येत नाही.

स्पेल टाकण्याचाही स्वतःचा क्रम आहे, आणि मुले घाईत गाळतात ती हीच पायरी. आधी पान दाखवून त्याचे नाव घ्यावे, मग टार्गेट मोठ्याने सांगावे, आणि त्यानंतर माना भरावा. टार्गेट पैसे मोजण्याआधी ठरते. समोरच्याने उत्तर दिल्यावर ‘मला दुसरे क्रीचर म्हणायचे होते’ असे म्हणता येत नाही.

हा सगळा नियम तीन पानांत नीट दिसतो. समजा भाच्याकडे ग्रिझली बेअर्स हे २/२ क्रीचर (२ डॅमेज, म्हणजे इजा, करणारे आणि २ डॅमेज खाल्ले की मरणारे) आहे आणि हातात जायंट ग्रोथ आहे, जे एका हिरव्या मानात क्रीचरला पाळी संपेपर्यंत +३/+३ देते. त्याच्या मित्राकडे लाइटनिंग बोल्ट आहे, जे एका लाल मानात टार्गेटला ३ डॅमेज करते. दोन्ही पाने इन्स्टंट आहेत. मित्राने बेअरवर बोल्ट टाकला, आणि भाच्याने उत्तरादाखल ग्रोथ टाकला, तर वरचा ग्रोथ आधी लागू होतो, बेअर ५/५ होतो, आणि मग ३ डॅमेज खाऊनही जगतो. आता क्रम उलटा करा. भाच्याने आधी ग्रोथ टाकला आणि मित्राने त्याला उत्तर म्हणून बोल्ट टाकला, तर बोल्ट आधी लागतो तेव्हा बेअर अजून २/२ च आहे. तो मरतो, आणि ग्रोथला टार्गेटच उरत नाही. मग ग्रोथ लागू न होता थेट ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या पानांच्या ढिगात) जातो आणि भरलेला माना परत मिळत नाही. पहिल्यांदा हे झाले तेव्हा ‘मामा, पण मी आधी टाकलं होतं ना!’ असे भाचा अगदी रडवेला होऊन म्हणाला. मला त्याचे म्हणणे समजत होते, पण या खेळात आधी टाकणे ही बहुतेक वेळा अडचणीचीच बाजू असते. समोर एक लाल लँड उभी, म्हणजे न वापरलेली, दिसत असेल तर ग्रोथ हातात राखून ठेवावा.

याच उदाहरणावर एक रास्त शंका येते: पाळी संपताना +३/+३ गेले की ३ डॅमेज खाल्लेला बेअर मरणार नाही का? नाही मरत, कारण पाळीच्या शेवटच्या क्लीनअप स्टेपमध्ये डॅमेज आणि ‘पाळी संपेपर्यंत’चे परिणाम एकाच वेळी पुसले जातात.

टार्गेट कायदेशीर आहे का, हे दोनदा तपासतात: टाकताना आणि लागू होताना. सगळी टार्गेट्स चुकली तर स्पेल लागूच होत नाही. दोनपैकी एक चुकले तर उरलेल्यापुरते लागू होते. मात्र हा सारा विचार साधारणपणे पानावर ‘टार्गेट’ हा शब्द छापलेला असेल तरच करायचा. ‘हेक्सप्रूफ’ असलेल्या क्रीचरवर प्रतिस्पर्ध्याला नेम धरता येत नाही, ‘श्राउड’ असलेल्यावर तर मालकालाही नाही. तरीही राथ ऑफ गॉड हे पान सगळ्याच क्रीचर्सना नष्ट करते आणि कोणालाही टार्गेट करत नाही, त्यामुळे हेक्सप्रूफ तिथे उपयोगी पडत नाही. डायबॉलिक एडिक्टचे टार्गेट खेळाडू असतो, आणि क्रीचर बळी देतो तो खेळाडू. म्हणून हेक्सप्रूफवालेही त्यात जाऊ शकते. मला हे पान शिकवायला विशेष आवडते, कारण पानावरचा एकेक शब्द वाचायची सवय त्याने लागते.

लढाईतली वेळही सांभाळावी. समोरच्याचे क्रीचर हल्ला करूच नये असे वाटत असेल तर त्याला हल्ला जाहीर होण्याआधी, लढाईच्या सुरुवातीलाच टॅप करावे. नंतर टॅप करून हल्ला थांबत नाही. ग्रोथसारखे पान मात्र ब्लॉकर (हल्ला अडवणारी क्रीचर्स) जाहीर झाल्यावर टाकावे, कारण तेव्हा समोरच्याला ब्लॉक बदलता येत नाही. लढाईचे डॅमेज स्वतः स्टॅकवर जात नाही. जुने खेळाडू ते जात असे म्हणतात आणि ते खरे आहे, पण २००९ साली तो नियम बदलला. लँड टॅप करून माना काढणेही स्टॅकवर जात नाही, त्यामुळे त्याला उत्तर देता येत नाही.

नव्याने शिकणाऱ्यांनी आधी पूर्ण डाव मांडू नये. एक बेअर, एक बोल्ट, एक ग्रोथ आणि दोन-तीन लँड टेबलावर उघडी ठेवावीत, टाकलेली पाने खरोखरच एकावर एक रचावीत, प्रत्येक वेळी ‘टार्गेट’ आणि ‘पास’ हे शब्द मोठ्याने उच्चारावेत, आणि दोन्ही क्रम खेळून झाले की पाने अदलाबदल करून तेच पुन्हा करावे.