जर्मनीत धपाट्यांसोबतचं दही

सुटीला जर्मनीहून परभणीत आलेय. भाची पुढच्या महिन्यात जर्मनीला निघालीय आणि तिचा पहिला प्रश्न दह्याचाच. धपाटं आणि गोड दही? घशाखाली उतरत नाही.

मी सुरुवातीला डबा दिसेल तो उचलला, व्हॅनिलाचा निघाला. मग पोषणाच्या तक्त्यात शून्य साखर शोधत बसले. तिथंच चुकत होते. साध्या दह्यातही दुधाची स्वतःची साखर, लॅक्टोज, १०० ग्रॅममागे ४-५ ग्रॅम असतेच. बघायची ती घटकांची यादी: तिथं ‘त्सुकर’ म्हणजे साखर नको, डब्यावर ‘नाटुर’ म्हणजे साधं हवं.

तरी आपला आंबटपणा त्यात नाहीच. शेवटी तेच विरजण म्हणून वापरलं. थंडीत दोनदा फसलं, नुसतं पाणचट दूध. आई फोनवर म्हणाली, “अगं, करंगळी बुडवून दहापर्यंत मोज. सोसलं की लाव.” म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश. अर्धा लिटर दूध उकळून कोमट केलं, त्यात एक चमचा विरजण. भांडं बंद ओव्हनमध्ये, फक्त आतला दिवा लावून. सकाळी कवडीचं दही! आंबट हवं तर आणखी तीन-चार तास राहू द्यायचं.

भाचीनं करंगळीचं काही लिहून घेतलं नाही. सामानाच्या यादीत थर्मामीटर टाकला.